तीनशे बारा पत्ते

गुऱ्हाळं सुरू झाली की आमच्या हवेला चव येते. थोडी गोड, थोडी धुरकट, कडेला किंचित करपलेली. कोल्हापुरात राहणाऱ्याला ती वेगळी सांगावी लागत नाही. उसाच्या गाड्या रस्त्याला लागतात, स्वेटर पेटीतून बाहेर येतात आणि एखाद्या संध्याकाळी वारा फिरला की उचगावच्या बाजूनं उकळत्या रसाचा वास थेट राजारामपुरीत शिरतो. लोक थांबून नाक वर करतात. मी खिडकी लावून घेतो. बायको म्हणते, "एवढ्या चांगल्या वासाला खिडकी का लावताय?" मी म्हणतो, धूर येतो.

सहा हंगाम मी हेच उत्तर देतो आहे.

माझा फोटो स्टुडिओ आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काढला, तेव्हा रोल धुवायच्या खोलीत लाल दिवा असायचा आणि बोटांना रसायनाचा वास. निगेटिव्ह खाकी पाकिटात घालून त्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं. नुसतं 'पाटील' लिहिलं तर आमच्याकडे माणूस सापडत नाही, म्हणून मी बोलण्यात येतं तसंच लिहीत असे. 'हुपरीच्या चांदीवाल्यांचा धाकटा.' 'चष्मेवाल्या गुरुजींची थोरली सून.' 'कबनूर, यंत्रमागवाले, ज्यांचं लग्न पावसात झालं ते.' पाकिटांचा गठ्ठा चाळला की अख्खा जिल्हा नात्यागोत्यासकट हातातून जायचा. ही सवय मला फार आवडायची. तिचं पुढं काय होणार होतं, ते तेव्हा कुणाला माहीत?

दोन हजार सालानंतर सगळं भराभर बदललं. रोल जाऊन डिजिटल कॅमेरा आला. मी तो कर्ज काढून, इतरांच्या आधी घेतला आणि त्याचा गर्व मला बरेच दिवस पुरला. पुण्याच्या एका प्रदर्शनात कुणीतरी सांगितलं, "गिऱ्हाईक दुकानात यायची वाट बघू नका. त्याचा ई-मेल घेऊन ठेवा. ज्याच्याकडे पत्ते जास्त, त्याचा धंदा मोठा." हे वाक्य मी देवाच्या अंगाऱ्यासारखं घरी घेऊन आलो.

मग तुळशीच्या लग्नानंतर जी लग्नं लागली, त्या प्रत्येक कार्यालयात माझ्या कॅमेऱ्याशेजारी एक टेबल आणि टेबलावर वही. वर पाटी: 'आपला ई-मेल लिहा, आपला एक फोटो मोफत मिळवा.' संध्याकाळी वही उघडली की हसू यायचं. कुणी पिनकोडसकट घरचा पत्ता लिहिलेला. कुणी 'तालमीच्या मागं, कुणालाबी इचारा' एवढंच. एका आजोबांनी लिहिलं होतं, 'ई-मेल नाही. दूध डेअरीत निरोप ठेवला तरी चालेल.' पण मधेमधे खरे पत्ते सापडत. बहुतेक मुलांचे, जावयांचे, पुण्या-बंगळूरला गेलेल्या भाच्यांचे. ते उतरवून घेताना मला गल्ल्यातला पैसा मोजल्याहून जास्त आनंद व्हायचा. गल्लीच्या तोंडाशी बाबूचं सायबर कॅफे होतं. तिथं बसून मी ते एकेक करून कॉम्प्युटरवर चढवत असे, आणि प्रत्येक पत्त्यापुढं नाव टाकायचं ते पाकिटावरच्याच सवयीनं. अमक्याचा नातू, तमक्यांची लेक.

त्याच हंगामात सुभद्राकाकी आल्या. उचगावच्या शिवारात त्यांचं गुऱ्हाळ. हिरवं लुगडं, हाताला गुळाचा वास, मुठीत चारदा दुमडलेली चिठ्ठी.

"फोटो काढून ह्या पत्त्यावर धाडतासा म्हणं, फुकाट."

"धाडतो की."

"कुणाला सांगायचं न्हाय पर."

पत्ता त्यांच्या मुलीचा, मनीषाचा होता. मनीषानं कॉलेजातल्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा कबनूरचा, बौद्ध घरातला, बंगळूरला चांगल्या नोकरीत. काकींच्या घरात, आमच्यासारख्याच शेतकरी मराठा घरात, त्या दिवसापासून मुलीचं नाव घ्यायला बंदी झाली. बापानं 'आमाला ती न्हाय' म्हणून टाकलं. भाऊ विजय त्याच्याही पुढं गेला, 'सापडली तर बघून घेतो' असं चारचौघांत म्हणायचा. घरच्या फोनला हात लावायचीही काकींना चोरी. मनीषाच्या एका मैत्रिणीनं गुपचूप ही चिठ्ठी आणून दिली होती. मुलीला स्वतःचा ई-मेल नव्हता, तिचा पत्ता म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसचा. त्याच्या शेपटीला कंपनीचं नाव होतं.

मी फोटो काढला, बाबूकडे जाऊन पाठवला. काकी माझ्या मागं उभ्या.

"गेला?"

"गेला."

"पोचला?"

"पोचला."

चार दिवसांनी उत्तर आलं. मी ते छापून काकींना वाचून दाखवलं: 'आई वाळली आहे. तिला म्हणावं दूध पीत जा.' काकींनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "वाळली न्हाय म्हणावं. उजेड कमी हुता." मीही हसलो. पुढच्या खेपेला त्या काकवीची बाटली घेऊन आल्या. उकळून दाट झालेला, तांबूस, गुळाआधीचा रस. पैसे घेत नाही म्हटल्यावर ही बाटली. तो हंगाम संपेपर्यंत आमच्या घरी भाकरीबरोबर तीच काकवी होती.

मला तेव्हा फार बरं वाटायचं. एका आईचा धागा आपल्या हातून जातो आहे, असं मी चहाच्या टपरीवर नाव न घेता चारदा सांगितलं असेल. चांगुलपणाचीही मी जाहिरातच करत होतो.

पुढच्या वर्षी, पुन्हा गुऱ्हाळं पेटली तोवर, माझे तीनशे बारा पत्ते झाले. लग्नसराईच्या तोंडावर मी सगळ्यांना एकदम पत्र पाठवायचं ठरवलं. नवा कॅमेरा, नवे अल्बम, लवकर नाव नोंदवा. बाबू शेजारी बसला होता. त्यानं पडद्यावरच्या एका रकान्यावर बोट ठेवलं.

"दादा, समदे पत्ते ह्या बीसीसीच्या रकान्यात टाका. म्हंजे कुणाला कुणाचा दिसत न्हाय."

"का बरं? दिसू दे की."

"अवो, असं करत न्हाईत. झाकून धाडायचं असतंय."

"झाकून?" मी म्हणालो. "लग्नपत्रिकेत नावं झाकून छापतोय काय आपण?"

बाबूनं खांदे उडवले. मला ही कोटी इतकी आवडली की मी ती दिवसभर आणखी दोघांना ऐकवली. पण ते नुसतं विनोदानं नव्हतं, मला ते मनापासून पटलेलं होतं. आपल्याकडे पत्रिकेचं वजन कागदावर नसतं, खाली छापलेल्या नावांवर असतं. कोण कोण निमंत्रक, कुणाचे आप्तेष्ट, किती गावं. माझ्याकडे कुठली कुठली घरं येतात ते सगळ्यांना कळलं पाहिजे, असं मला वाटलं. चुकून झालं असतं तर आज मी एवढा दबलो नसतो. मला सांगितलं गेलं होतं. मी मोठेपणासाठी ऐकलं नाही.

तीनशे बारांमध्ये एक ओळ होती: 'मनीषा, उचगावच्या सुभद्राकाकींची लेक.' पुढं पत्ता, आणि पत्त्याच्या शेपटीला कंपनीचं नाव. आणि तीनशे बारांमध्ये विजयही होता. चुलतभावाच्या लग्नात त्यानं माझ्या वहीत स्वतःचा ई-मेल लिहिला होता. त्या पानावर सगळ्यांत सुवाच्य अक्षर त्याचंच होतं.

संक्रांतीला पाच-सहा दिवस राहिले असताना मनीषाचं पत्र आलं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. ते मी नंतर इतक्यांदा वाचलं आहे की आता कागद लागत नाही.

'काका, तुमच्या पत्रातून विजयला माझा पत्ता आणि यांची कंपनी कळली. त्यानं काय लिहिलं ते सांगत नाही. आम्ही घर बदलतोय, हे नोकरीही बदलतील. हा पत्ता आजपासून बंद. एकच काम करा. आईला सांगा, संक्रांतीला दुपारी चार वाजता हुपरीच्या मावशीकडे थांब, मी तिथं फोन करीन. मावशीला आधी काही सांगू नका, तिथून घरी कळेल. आई आली नाही तर मी समजेन की तिलाही आता हे नको झालंय. मग मी तिला पुन्हा त्रास देणार नाही.'

मी पत्र छापलं. बाबूनं पाहू नये म्हणून पडद्यावरून पुसून टाकलं. घरी जाताना ठरवलं, उद्या उचगावला जायचं आणि काकींना सांगायचं. दुसऱ्या दिवशी एक साखरपुडा होता. तिसऱ्या दिवशी मी गाडीला किक मारली आणि पुलापर्यंत जाऊन परत आलो. निरोप सांगायचा तर आधी हे सांगायला हवं होतं की पत्ता फुटला कसा. वाक्याची सुरुवातच सापडत नव्हती. 'काकी, माझ्याकडून एक...' यापुढं माझी जीभ गेली नाही.

आणि संक्रांतीला दुपारी दीड वाजता काकी स्वतःच आल्या.

काळी चंद्रकळा, कपाळाला मोठं कुंकू, डब्यात तिळगूळ. स्टुडिओत गारठा होता आणि त्यांच्याबरोबर गुऱ्हाळाचा तो वास आत आला.

"हुपरीला निघालतो भनीकडं, हळदीकुंकवाला," त्या म्हणाल्या. आमच्याकडे बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, 'निघालतो', 'जातो'. "पर म्हटलं आदी हितं जावं. पोरीला सणाचं त्वांड दिसू दे. बिगीनं काढा हां, अडीचची गाडी गाठायची हाय."

हुपरीला बस तासाभराच्या आत पोचते. म्हणजे मी काही न सांगताही त्या चार वाजता बहिणीच्या घरी असणार होत्या. फोन वाजला असता, त्यांनी उचलला असता. मला फक्त एक फोटो काढून 'या' म्हणायचं होतं.

माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते लिहितो. फोनवर मनीषा विचारेल, काकांनी निरोप सांगितला ना? आणि मग सांगेल, विजयला पत्ता कुणामुळं कळला ते. तासाभरानं काकींना सगळं कळलेलं असेल. उद्या उचगावात, परवा पेठेत. तो फोटोवाला. लोकांच्या लेकीबाळींचे पत्ते वाटत सुटतो.

मी म्हणालो, "काकी, काळी साडी आहे, मागचा पडदा बदलतो. उठून दिसलं पाहिजे."

पडदा बदलला. मग दिवा हलवला. मग म्हटलं, डोळे मिटले. मग चहा मागवला. अडीचची गाडी गेली. "दुसरी मिळंल की," मी म्हटलं. मग नथ नीट करा, जरा या बाजूला बसा, आणखी एक घेऊ. एरवी मी पासपोर्टचा फोटो दोन मिनिटांत उरकणारा माणूस. काकी एकदा म्हणाल्या, "आज लईच मन लावून काढायला लागलाय की वो." त्यांना ते माझं प्रेम वाटलं.

पावणेचार झाले तेव्हा त्याच म्हणाल्या, "आता ऱ्हाऊ दे हुपरी. सांच्याला गुऱ्हाळावर माणसं जेवायची हाईत." तरीही मी आणखी एक फोटो घेतला. काहीतरी विनोद केला, काय ते आठवत नाही. त्या फोटोत काकी खळखळून हसताहेत. डिजिटल कॅमेऱ्याची एक वाईट सवय आहे, तो प्रत्येक फोटोबरोबर वेळ लिहून ठेवतो. त्या दिवशीचे एकूण अकरा फोटो आहेत. पहिला एक वाजून बेचाळीस मिनिटांचा. शेवटचा चारला तीन मिनिटं कमी असतानाचा.

"धाडा आजच," त्या निघताना म्हणाल्या.

चार-आठ दिवसांनी पुन्हा आल्या. "गेलता न्हवं?"

"गेला. पोचला."

"काय म्हणली?"

"कामात असेल. उत्तर नाही अजून."

मग जरा थांबून म्हणाल्या, "संक्रांतीला हुपरीला फोन आलता म्हणं. कुणी पोरगी. अक्का आल्यात का इचारलं. भन न्हाय म्हणली तर ठिवून दिला. दोनदा आलता." बहीण त्यांना अक्का म्हणत असे, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. काकी माझ्याकडं बघत होत्या. "कोण असंल वो?"

मी लेन्स पुसत होतो. "राँग नंबर असंल," मी म्हणालो.

त्यानंतर सहा वर्षं. वर्षातून दोन-तीनदा त्या येत राहिल्या. मी फोटो काढत राहिलो. गेला? गेला. पोचला? पोचला. बंद झालेल्या पत्त्यावर मी एकदाही पाठवून पाहिलं नाही, सगळे फोटो एका फोल्डरात ठेवत गेलो. चष्मा आला, मग केस पांढरे झाले, एक दात गेला. एका माणसाचं म्हातारपण माझ्याकडे ओळीनं लावून ठेवलेलं होतं आणि ज्या एका माणसासाठी ते होतं, त्याला त्याचा पत्ता नव्हता. दर हंगामाला काकवीची बाटली येतच होती. मी ती शेजाऱ्यांना देऊन टाकायचो. मला साखरेचा आजार झाला आहे, असं खोटंच सांगायचो.

पत्त्यांची यादीही वाढत राहिली. ती आता हजारावर आहे. सगळे पत्ते मी झाकून पाठवतो. हे लिहिताना लाज वाटते, की त्या गोष्टीतून मी शिकलो ते एवढंच.

गेल्या पावसाळ्यात काकींचे मालक वारले. मीही उचगावला गेलो होतो. कुणीतरी कळवलं असावं, मनीषा आली होती. एका कडेला उभी राहिली, बापाच्या पायाला हात लावला. विजय तिच्याकडं बघून खाली बघू लागला. आईसमोर ती आली आणि "जाते" एवढंच म्हणून निघाली. मी गर्दीत मागं सरकलो.

आणि या वर्षी, वास सुटल्यावर आठ दिवसांनी, काकी चिठ्ठी घेऊन स्टुडिओत आल्या. पुन्हा चारदा दुमडलेली. मनीषानं जाताना हुपरीच्या मावशीजवळ आपला नवा पत्ता ठेवला होता, काही अडचण आली तर असावा म्हणून.

"आता हितं धाडा," काकी म्हणाल्या. "जुनं समदं बघितलं असंल तिनं. पर माझ्यावर कशाचा तरी राग हाय तिचा. बाप गेला तवा माझ्या गळ्यात पडली न्हाय. परक्या बाईगत 'जाते' म्हणली. मी काय केलं आसंल वो? तुमाला कधी काय लिवलंतं का तिनं?"

मी म्हणालो, "बघतो." चिठ्ठी ठेवून घेतली. तीन दिवस ती खिशात होती. पत्त्याला घाम लागून शाई पसरायला लागली, तेव्हा मी उठलो.

गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं पेटत होती आणि मोठ्या काहिलीत रस फुगून वर येत होता. विजयनंच पुढं होऊन हाक मारली, "या पावणं, रस घ्या. आलं घालून देतो." मी पेला हातात धरून ठेवला. काकी सावलीला ढेपांना फडकी बांधत होत्या. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसलो आणि सांगितलं. रकाना, लग्नपत्रिकेची कोटी, पत्र, चार वाजताचा निरोप, पडदा, दिवा, चहा, फोटोंवर लिहिली गेलेली वेळ. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा उठून गेलो असतो.

त्यांनी हातातली गाठ पुरी बांधली.

"म्हंजे त्यो फोन तिचाच."

"हो."

"आन तिला वाटलं, मी आलोच न्हाय."

"हो."

मला वाटलं त्या ओरडतील. विजयला हाक मारतील. आमच्या गावात शिवी द्यायला कुणी लाजत नाही आणि मला ती हवी होती. त्या उठल्या, टाकीवर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, बराच वेळ. मग म्हणाल्या, "गाडी आनलीया न्हवं? चला."

रस्ताभर त्या माझ्या मागं बसल्या होत्या, पण माझ्या खांद्याला धरलं नाही. मागच्या लोखंडी दांड्याला धरलं होतं. स्टुडिओत आल्यावर मी ते फोल्डर उघडलं. त्यांनी एकेक बघितलं, न पाठवलेले सगळे. संक्रांतीचे अकरा आले तेव्हा पडद्याच्या जवळ सरकल्या.

"वेळ लिवलीया म्हणालासा. कुटं?"

मी दाखवली.

शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं. हसतानाच्या. "ह्यो धाडा. आन वेळ दिसू दे."

मी नवा पत्ता टाकला. रकान्यात एकच नाव. सवयीनं पुढं 'सुभद्राकाकींची लेक' लिहायला गेलो आणि थांबलो.

"खाली लिवा," त्या म्हणाल्या. "आई हुपरीला निघालती."

मी लिहिलं.

"मीच बसवून ठिवली, लिवा."

त्या माझ्या बोटांकडं बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, मी दुसरं काहीही लिहू शकलो असतो. मी लिहिलं, मीच बसवून ठेवली. खाली माझं नाव घातलं. बटण दाबलं.

"गेला?"

"गेला," मी म्हणालो.

त्या पुढचा शब्द ऐकायला थांबल्या. मी तो म्हटला नाही. आम्ही दोघंही पडद्याकडं बघत बसलो, आणि उघड्या खिडकीतून तो वास आत येत राहिला.